पुण्याहून गावात: शेतीचा सामाजिक अभ्यास पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पुण्यात समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य किंवा कृषी विस्तार शिकणारी बरीच मुलंमुली प्रबंधाच्या निमित्ताने पहिल्यांदा गावात अभ्यासाला जातात. प्रश्नावली तयार असते आणि तिच्यात अगदी वरच 'शेतकऱ्याचे नाव' असा रकाना असतो. तो भरायला अर्धं मिनिटही लागत नाही, पण अख्ख्या अभ्यासाचं खरंखोटं तिथेच ठरतं. सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचं, गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज थोरल्या मुलाच्या नावावर, त्यातलं एक रान वाट्याने (पिकात हिस्सा ठरवून) कसणारा तिसराच, आणि खुरपणीपासून डेअरीला दूध घालण्यापर्यंतची कामं धाकट्या सुनेकडे. यातला शेतकरी कोण? ते ठरवलं नाही तर पुढे उत्पन्न, कर्ज, पाणी, मजुरी यांचे जे आकडे जमतील ते नेमके कुणाचे, हे तुम्हाला शेवटपर्यंत सांगता येणार नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाची जाण ठेवून वाचाव्यात.

विषय आवळून घ्या

'ग्रामीण जीवनातील बदल' हा विषय कुणालाच पेलत नाही. पुणे जिल्ह्यात तर शेती म्हटल्यावर कुठली शेती, हे आधी विचारावं लागतं. पश्चिमेला मावळ, मुळशी, राजगड (म्हणजे पूर्वीचा वेल्हे तालुका), भोर: घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस, भाताची खाचरं, कातकऱ्यांच्या वाड्या, आणि धरणं, फार्महाउस, प्लॉटिंग यांच्या कचाट्यात आलेली जमीन. उत्तरेला जुन्नर, आंबेगाव, खेड: नारायणगावचा टोमॅटो, मंचर-चाकणकडचा कांदा-बटाटा, आणि वरच्या अंगाला महादेव कोळ्यांची गावं. पूर्वेला दौंड, बारामती, इंदापूर: पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तरी कालव्यांच्या आणि उजनीच्या पाण्यावर उभा ऊस. पुरंदरला अंजीर आणि सीताफळ. एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांना एकच प्रश्नावली लावली तर एकीकडे निम्मे रकाने कोरे राहतात.

म्हणून एक तालुका, एक किंवा दोन गावं आणि एकच प्रश्न. 'शिरूर तालुक्यातल्या एका गावात वाट्याने कांदा करणारे भांडवल कुठून उभं करतात' हा प्रश्न झाला. 'मुळशीत जमीन विकलेल्या घरांतल्या बायका आता कोणती कामं करतात' हाही झाला. प्रश्नात माणसं दिसली पाहिजेत आणि ती गावात कुठे भेटतील हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

पुरंदरचं एक उदाहरण नवख्यांनी जरूर अभ्यासावं. १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा, की पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचा: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. पाण्याचा वाटेकरी कोण, याचं उत्तर एका गावाने सातबारा बाजूला ठेवून दिलं. अभ्यासकानेही आपलं उत्तर असंच विचार करून द्यावं, सरकारी फॉर्ममधून उचलू नये.

आधी कोणी काय पाहिलंय

पुण्याला या कामाची मोठी परंपरा आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागरचा अभ्यास केला, तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आज टोलेजंग सोसायट्यांचं असलेलं हेच ते गाव. जुन्या कागदांच्या आधारे त्यांनी दाखवलं की १७७१ मध्ये तिथल्या खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आली. पुढे १९२१ मध्ये मान आणि कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शहराजवळचं एक आणि लांबचं एक, अशी ही निवड आजही शिकण्यासारखी आहे. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या काळात वाई तालुक्यातल्या शेतीची घरोघर फिरून पाहणी झाली. डेक्कन जिमखान्याजवळच्या या संस्थेच्या ग्रंथालयात काही दिवस बसा. गावात गेल्यावर काय विचारायचं, हे निम्मं तिथेच सुचतं. आदिवासी गावांवर काम असेल तर पुण्यातच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

सरकारी आकडे वाचताना मात्र प्रत्येक आकड्यामागची 'शेतकरी' या शब्दाची व्याख्या आधी बघा. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर झालं. पण आपल्याकडे ही गणना मुख्यतः महसुली नोंदींवरून केली जाते. जे दप्तरात नाही, ते तिच्यातही उमटत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणी वेगळी. तिच्या ७७ व्या फेरीत शेती कुटुंब ठरवताना जमिनीच्या मालकीची अट नव्हती: वर्षात ४,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं शेती-उत्पादन आणि घरातला किमान एकजण स्वतःच्या शेतीकामात, एवढं पुरे होतं. त्या पाहणीत २०१८-१९ साठी देशातल्या शेती कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आलं. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकांचे ३,७९८. म्हणजे ज्यांना आपण शेती कुटुंब म्हणतो त्यांच्या घरात पिकापेक्षा रोजंदारीचा आणि नोकरीचा पैसा जास्त येतो. आणि निव्वळ शेतमजुरी करणारी घरं तर या आकड्यात धरलेलीच नाहीत. हे नीट समजलं की गावात कुणाकुणाला भेटायचं हा प्रश्न वेगळा दिसायला लागतो.

कागद काढा, पण त्यावर विसंबू नका

महाभूलेख संकेतस्थळावर गाव आणि गट नंबर टाकला की सातबारा फुकट बघता येतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. सात म्हणजे मालकी आणि क्षेत्र, बारा म्हणजे पिकांची नोंद. एका खातेदाराचे गावातले सगळे गट एकत्र बघायचे तर आठ-अ. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली हे फेरफारात सापडतं, आणि गावच्या बदलाचा अभ्यास करणाऱ्याला फेरफारासारखी दुसरी वही नाही. वारस नोंदी, वाटण्या, खरेदीखतं, बहिणींची हक्कसोडपत्रं, सगळं तिथे ओळीने येतं.

क्षेत्र वाचताना सांभाळा. कागदावर हेक्टर आणि आर, गावात एकर आणि गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर, साधारण अडीच एकरांचा हेक्टर. एक आर जवळजवळ एका गुंठ्याएवढा असल्यामुळे नवखे लोक कागदावरच्या '०.८०' हेक्टरला ८० गुंठे समजतात ते ठीकच असतं, पण काहीजण ते पाऊण एकर लिहून मोकळे होतात. असा एक चुकलेला रकाना सगळ्या सरासऱ्या बिघडवतो.

पिकाच्या नोंदीचंही तसंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः मोबाईलवरून पीक नोंदवू लागला. ही नोंद उपयोगी आहे, पण ती नोंदवणारा खातेदार असतो, कसणारा असेलच असं नाही.

यादी कुठून घ्यायची, हा त्यातला खरा कळीचा मुद्दा. आठ-अ वरून घरं निवडली तर भूमिहीन, वाटेकरी आणि नावावर जमीन नसलेल्या बायका पहिल्याच दिवशी गळाल्या. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरांची नोंद असते, ती जास्त बरी. मात्र गावठाणाबाहेरची पालं, वीटभट्टीवरची खोपटी आणि वनजमिनीवरच्या वाड्या तिच्यातही राहून जातात. माझं मत विचाराल तर छोट्या गावात स्वतः फिरून घरांची यादी करावी. प्रत्येक घराला चारच प्रश्न: किती माणसं, स्वतःची जमीन किती, दुसऱ्याची करता का, वर्षभराचा मुख्य पैसा कशाचा. मग या यादीचे गट पाडून प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून घरं निवडा.

पहिल्या फेऱ्या फॉर्मशिवाय

महाविद्यालयाचं पत्र घ्या. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे ग्रामसेवक), ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे तलाठी) आणि पोलीस पाटील यांना भेटून आपण कोण, काय विचारणार, किती दिवस येणार हे सांगा. हा उपचार म्हणून करू नका. गावात अनोळखी माणूस गट नंबर विचारत फिरतो म्हटल्यावर लोकांना आधी भूसंपादन आठवतं, नाहीतर जमिनीचा दलाल. रिंगरोड, एमआयडीसी, विमानतळ यांच्या चर्चा असलेल्या तालुक्यांत तर ही धास्ती अगदी खरी आहे आणि तिचा मान ठेवला पाहिजे.

त्याच वेळी हेही लक्षात असू द्या, की सरपंचांच्या गाडीतून वस्तीवर उतरलात तर तिथे मिळणारी उत्तरं सरपंचांना ऐकवायची असतात. ओळख करून घ्या, चहा घ्या, आणि पुढचे दिवस पायी फिरा. बौद्धवाडा, धनगरवस्ती, कातकरवाडी इथे वेगळे जा, कुणाच्या मध्यस्थीने नको. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्याइतकं घर न् घर कुणाला माहीत नसतं, पण त्यांच्यामागे आधीच कामाचा डोंगर असतो, म्हणून त्यांची वेळ विचारून जा.

मग शिवारफेरी. गावातल्या एका वयस्क माणसाबरोबर एकदा आणि शेतात राबणाऱ्या एका बाईबरोबर एकदा, असं दोनदा शिवार फिरा. तो माणूस तुम्हाला विहिरी, बांधाचे वाद, धरणाआधीचा रस्ता, कुणाचं रान कुणी घेतलं हे सांगेल. ती बाई सरपण कुठून आणतात, चारा कुठला, कुठल्या रानात कुठल्या महिन्यात मजुरी मिळते, कुठल्या विहिरीवर पूर्वी कुणाला पाणी भरू देत नसत हे सांगेल. दोन्ही मिळून गावाचा नकाशा होतो. तो कागदावर हाताने काढा.

विचारायचं कसं

'तुमचं वार्षिक उत्पन्न किती?' हा प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाका. शेतात पैसा वर्षाच्या हिशेबाने येतच नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि दीड वर्षाच्या सुमाराला तुटतो. त्यानंतर खोडवा (त्याच बुडख्यांवरचा पुढचा ऊस). दुधाचा हप्ता बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी येतो. कांदा चाळीत पडून राहतो आणि भाव बघून टप्प्याटप्प्याने निघतो. त्यामुळे रानारानाने आणि हंगामाने विचारा: विहिरीखालच्या रानात मागच्या खरिपात काय होतं, मग रब्बीला काय केलं, आत्ता काय उभं आहे? माणसाला आपलं रान आठवतं. बोलता बोलता ते डोळ्यांपुढे येतं आणि आकडेही आपोआप येतात.

समजा, चाळीस-पंचेचाळीस वर्षांची एक बाई ओट्यावर बसून सांगते आहे. पहिल्यांदा म्हणेल, 'कांद्याचे पन्नास हजार झाले.' तिथे थांबू नका. कांद्याची पट्टी (बाजारातली विक्रीची पावती) बघायला मागा, बहुतेक घरांत ती कॅलेंडरच्या खिळ्याला किंवा पासबुकाच्या पिशवीत सापडते. तिच्यावर पिशव्या किती, वजन किती, भाव काय, आणि खाली हमाली, तोलाई, वाराई, भाडं अशी वजावट असते. हातात आलेली रक्कम अगदी शेवटच्या ओळीत. आता मागे चला: रोप घरचं की विकत, लागणीला बायका किती आणि रोज काय, की उक्तं (ठोक रकमेत) दिलं होतं? खत-औषध दुकानातून उधार का, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा वेगळा का? काढणी-काटणी कुणी केली? घरच्यांनी केली असेल तर कोण कोण, किती दिवस? शेवटी विचारा, पन्नास हजारांतले तुमच्या हातात किती आले आणि कुणाच्या खात्यावर गेले. त्या एका पट्टीवर तासभर बोलणं होऊ शकतं, आणि वीस पानी प्रश्नावलीत जे येत नाही ते त्या तासात येतं.

घरच्या बायकांच्या कामाबद्दल पुरुषाला विचारलं तर 'ती घरीच असते' हे उत्तर ठरलेलं. बाईलाही 'शेती करता का' विचारलं तर कित्येकदा 'नाही, मालक करतात' असंच म्हणते. म्हणून कामं एकेक करून विचारा: बी निवडणं, लागण, खुरपणी, दारं धरणं (पिकाला पाणी देणं), फवारणीला पाणी आणून देणं, धारा काढणं, मजुरांना निरोप देणं. शक्य तिथे मुलाखत तिच्याशी वेगळी घ्या, आणि मुलाखत घेणारी मुलगी असेल तर फारच चांगलं. जमिनीवर तिचं नाव आहे का हा प्रश्न नाजूक आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. तरीही माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडीवर सही करणाऱ्या बहिणी गावोगाव आहेत. भावासमोर हा प्रश्न काढू नका.

वाट्याच्या शेतीबद्दल सगळ्यात जास्त काळजी घ्या. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांमुळे कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. ते न्याय्य होतं. पण त्याची आठवण मालकांच्या मनात अजून ताजी आहे, आणि म्हणून आज रान वाट्याने किंवा खंडाने (ठरलेल्या रकमेवर) दिलं तरी त्याचा कागद होत नाही. सगळा व्यवहार तोंडी असतो. 'तुम्ही जमीन भाडेपट्ट्याने घेतली आहे का?' असं विचारलंत की दोन्ही बाजूंचं उत्तर 'नाही'. त्याऐवजी शिवारफेरीतल्या नकाशावर बोट ठेवून 'या रानात सध्या कोण करतंय?' असं विचारा. मग बी-खत कुणाचं, मजुरी कुणाची, माल कसा वाटतात. गट नंबर आणि वाटेकऱ्याचं नाव एकाच कागदावर कधीही लिहू नका. तुमची वही चुकीच्या हातात पडली तर त्या माणसाचं रान जाऊ शकतं. आणि सरकारी मदतीचा हिशेब सहसा खात्यावरच्या नावानेच होतो, त्यामुळे गारपिटीने पीक गेलं तरी वाटेकऱ्याच्या हाती काय पडतं, हे त्याला स्वतंत्र विचारलंच पाहिजे.

कर्जाचे प्रश्न अगदी शेवटी. सोसायटी, बँक, दुकानदाराची उधारी, बचत गट, फायनान्सवाले, हातउसने, सोनं गहाण, मुकादमाची उचल (कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे): प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा, कारण नुसतं 'कर्ज आहे का' म्हटलं की लोक सोसायटीचंच सांगतात.

वेळ बघून जा

शेतीच्या पंपांना रात्रीची वीज असलेल्या आठवड्यात माणूस पहाटेपर्यंत मोटारीपाशी असतो. त्याला सकाळी दहाला उठवून प्रश्न विचारू नयेत. दूध घालायच्या वेळी डेअरीवर उभं राहिलात तर अर्ध्या गावाशी ओळख होते. भातलावणीत, कांद्याच्या लागणीत, यात्रेच्या आठवड्यात, आणि पालखीच्या वाटेवरच्या गावांत आषाढीच्या आधी, नुसतं भेटा, फॉर्म भरू नका. ऊसतोड कामगार कारखान्यांच्या हंगामातच, साधारण दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत भेटतात. अंधार पडल्यावर फडावरून परतलेल्या बाईला स्वयंपाक करायचा असतो, तेव्हा बोलणं तिच्या सोयीने आणि थोडक्यात. एसटीची मुक्कामी गाडी असेल तर गावात राहा. संध्याकाळच्या पारावरच्या गप्पांना पर्याय नाही.

संमती आणि शब्द

मुलाखतीआधी सांगा: नाव कुठे येणार नाही, नको वाटेल तो प्रश्न सोडता येईल, मधेच उठताही येईल. फोन रेकॉर्डिंगला ठेवायचा तर विचारून. 'यातून आम्हाला काय मिळणार?' असं विचारतीलच, आणि विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. योजना मिळवून देतो, साहेबांपर्यंत पोचवतो, असा शब्द देऊ नका. काय देऊ शकता तेवढंच सांगा. मजुरी करणाऱ्या बाईचा दिवस मुलाखतीत गेला तर तिची मजुरी बुडते. तो खर्च अभ्यासाच्या अंदाजपत्रकात आधीपासून धरला पाहिजे, असं मी मार्गदर्शकांशीही भांडून सांगते.

त्याच रात्री वही

फॉर्म कागदावर भरा किंवा मोबाईलवर कोबो टूलबॉक्ससारख्या साधनात भरा, त्याच रात्री बसून तपासा. क्षेत्र गुंठ्यात की आरमध्ये, माल पिशवीत की क्विंटलमध्ये, टोमॅटोची क्रेट किती किलोची, भाताची पायली त्या गावात किती भरते, हे प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं हवं. बेरीज जुळत नसेल तर आपल्या मनाने जुळवू नका, दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा. फॉर्मात न मावलेलं वेगळ्या वहीत लिहा: कोण बोलताना गप्प झालं, मुलाखतीला कोण येऊन बसलं, कुठला प्रश्न ऐकून हसू आलं. नावांची यादी आणि उत्तरं वेगवेगळ्या फायलींत ठेवा.

निष्कर्ष गावात न्या

विद्यापीठात अहवाल देण्याआधी गावात दोन बैठका घ्या: एक ग्रामपंचायतीत किंवा मंदिरात, आणि दुसरी वस्तीवर, बायकांना सोयीच्या वेळी. चार-पाच मोठे कागद, त्यावर मराठीत आकडे आणि साधे तक्ते. कुणाचंही घर ओळखू येईल असं काही त्यात नको. लहान गावात 'एका विधवा बाईची तीन एकर डाळिंबाची बाग' एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं. लोक आकडे खोडून काढतील, 'आमच्याकडे मजुरी एवढी नाही' म्हणतील, एखादा गट राहून गेल्याचं सांगतील. ते सगळं टिपून घ्या आणि अहवालात दुरुस्त करा. मूळ अहवालाची एक छापील प्रत आणि दोन-तीन पानांचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत आणि शाळेत द्या. तुमची घरांची यादी आणि कोऱ्या प्रश्नावलीची प्रत विभागात जपून ठेवा, म्हणजे पुढच्या तुकडीतल्या कुणाला त्याच घरांत पुन्हा जाऊन पाच-दहा वर्षांत काय बदललं हे पाहता येईल.